पाळकसाहेबांची बदली आणि पाळकगृहातले कुटुंब : मंडळीने काय पाहावे?

नगरी खजिनदार

आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. आमची मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची असली, तरी तिचे मूळ अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कामात आहे, आणि गावातल्या उपासनामंदिराखेरीज आसपासच्या खेड्यांतील चार-पाच लहान मंडळ्याही याच पाळकक्षेत्रात येतात. यंदा आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, बदली झाली असून नवे पाळक जूनच्या पहिल्या आठवड्यात सहकुटुंब येत आहेत. त्यांची पत्नी सध्या एका खासगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी नववीतून दहावीत जात आहे आणि मुलगा प्राथमिक शाळेत आहे, एवढीच माहिती आमच्यापर्यंत पोहोचली आहे.

स्वागताची तयारी करण्यासाठी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची बैठक झाली. हार, शाल, भोजन आणि पाळकगृहाची रंगरंगोटी हे विषय भराभर संपले. त्यानंतर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "नव्या पाळकीणबाई पेटी वाजवतात का?" दुसऱ्यांनी विचारले की शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) त्या घेतील ना, आणि तिसऱ्यांनी महिला मंडळाच्या अध्यक्षपदाची जागा त्यांच्यासाठी रिकामी ठेवल्याचे सांगून टाकले. बाईंची नोकरी आमच्या गावात आल्यावर राहणार की जाणार, हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नाही. मी खजिनदार आहे, त्यामुळे हिशेबाची सवय जडलेली आहे. मंडळी पगार एका माणसाला देते आणि काम तीन-चार माणसांकडून घेते, ही गोष्ट कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, असे मला त्या बैठकीत प्रकर्षाने जाणवले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पाळकाचे काम रविवारच्या उपासनेपुरते नसते. सकाळची गावातली उपासना आटोपून ते मोटारसायकलवर एखाद्या खेड्यातल्या मंडळीकडे जातात, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते, आठवडाभर आजाऱ्यांच्या भेटी, घरगुती भांडणे, बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले, दफनभूमीच्या कुंपणावरून नगरपालिकेशी चाललेला पत्रव्यवहार, आणि शिवाय डायोसिसच्या, म्हणजे आमच्या धर्मप्रांताच्या, बैठका. या सर्व काळात पाळकगृहाचे दार उघडे असते, आणि ते उघडायला घरातले कोणीतरी हजर असावे लागते.

पाळकगृहात वाढलेल्यांनी, तिथे संसार केलेल्यांनी आणि सेवेत असलेल्यांनी स्पष्ट लिहावे, ही विनंती. नवे कुटुंब येण्यापूर्वी मंडळीने काय ठरवून ठेवावे?

पाळककन्या

माझे वडील मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात पाळक होते. आमच्या घरातली बाहेरची खोली आमची नव्हती, हे मला फार लहानपणी समजले. तिथे मंडळीचे कपाट होते, कपाटात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जाड नोंदवह्या होत्या, प्रभुभोजनाचे पेले होते, आणि कोणीही कोणत्याही वेळी येऊन त्या खोलीत बसू शकत असे. पासपोर्टसाठी आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला आलेला मनुष्य दुपारी दोन वाजता आला, तरी आई त्याला चहा करून देई, आणि वडील येईपर्यंत आम्ही भावंडे आतल्या खोलीत आवाज न करता अभ्यास करत असू.

शनिवारची रात्र वेगळी असे. वडील उपदेशाची टिपणे काढत, आणि त्या वेळी घरात रेडिओ लावायचा नाही असा अलिखित नियम होता. रविवारी पहिल्या बाकावर आम्हाला बसवले जाई. आम्ही हसलो, डुलकी काढली, गीत म्हणताना तोंड बंद ठेवले, तर त्याची वार्ता सोमवारपर्यंत चार घरांत फिरून आईपर्यंत येई. वर्गातल्या इतर मुलांचे गुण त्यांच्या आईवडिलांपुरते राहत. आमचे गुण मंडळीचे असत. भावाला दहावीत कमी गुण मिळाले तेव्हा एका सभासदांनी वडिलांना उपासनेनंतर दारात, सगळ्यांच्या देखत, "पाळकसाहेब, घरातल्या कळपाकडेही लक्ष असू द्या" असे सुनावले होते. वडील हसले. भाऊ त्यानंतर कितीतरी महिने उपासनेला येताना मागच्या दाराने येई.

तरीही मी त्या बालपणाला दुःखी म्हणणार नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार आठवतो. वेदीसमोर बाजरीची कणसे, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेली एक-दोन कोंबडी असत, आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होई. बाजारात क्षुल्लक किमतीला मिळणारा दुधी भोपळा दोन घराण्यांच्या चढाओढीत दहापट भावाने जाई आणि जिंकणारा तो उचलून पुन्हा आमच्याच स्वयंपाकघरात आणून ठेवी. एवढी माणसे आपली म्हणून भेटणे हे सर्वांच्या वाट्याला येत नाही.

मुलगी दहावीत जात आहे असे आपण लिहिले आहे. तिची शाळा, माध्यम आणि जुन्या शाळेचा दाखला यांची चौकशी आताच करा. बदल्या मे महिन्यात होतात आणि बोर्डाचा अर्ज भरण्याची वेळ येईपर्यंत मुलांचे बस्तान बसलेले नसते. आम्हा दोघांपैकी एकाला नेहमी नातेवाइकांकडे ठेवावे लागले, ते याच कारणाने.

निवृत्त पाळकीणबाई

वरील दोन्ही लेख वाचले. माझी बाजू थोडी निराळी आहे. मला पेटी वाजवता येत होती आणि ती वाजवायला मला आवडत असे. शब्बाथशाळा मी हौसेने घेतली, आणि माझ्या वर्गातली दोन मुले आज स्वतः पाळक आहेत, याचा आनंद कोणत्याही पगाराने मोजता येणार नाही. तेव्हा प्रत्येक पाळकीणबाई कामाला जुंपलेली असते, असे चित्र उभे करू नये. विचारून काम दिले तर ते सेवा होते. गृहीत धरले की त्याची धार बोचते.

खजिनदारांनी हिशेबाचा मुद्दा काढला आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंच्या काळी मिशनमध्ये बायबल वूमन हे पगारी पद होते. ती बाई खेड्यांत जाई, बायकांना वाचायला शिकवी, बाळंतिणींची विचारपूस करी, शोकाच्या घरी बसे. पुष्कळदा खेड्यातला नवरा मिशनचा शिक्षक किंवा उपदेशक असे आणि बायकोही काही ना काही मेहनतान्यावर काम करी. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची आणि त्यांच्या निधीची ओहोटी सुरू झाली, तशी ही पदे बहुतेक ठिकाणी बंद पडत गेली. भेटींचे काम मात्र बंद पडले नाही. ते पाळकाच्या बायकोकडे आले आणि मेहनताना मधेच गळून पडला. आज पाळकीणबाईंनी "परंपरेने" करावयाचे जे काम म्हणून सांगितले जाते, त्यातले बरेचसे काम आमच्या आज्यांनी वेतन घेऊन केलेले आहे, हे पंच कमिटीने लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट निवृत्तीनंतरच्या घराची. संपूर्ण आयुष्य मंडळीच्या घरात जाते. भाडे द्यावे लागत नाही म्हणून पगार कमी असला तरी चालते, असे सगळे म्हणतात, आणि त्या पगारात स्वतःचे घर उभे राहत नाही. आमच्या निवृत्तीच्या वेळी शेवटच्या मंडळीने प्रेमाने निरोप दिला, चांदीचा पेला दिला, आणि महिन्याच्या आत किल्ल्या मागितल्या. त्यांचेही चुकले नाही, नवे कुटुंब यायचे होते. मुलीच्या घराशेजारी दोन खोल्या भाड्याने मिळाल्या म्हणून निभावले.

जुनी दप्तरे

हा प्रश्न आजचा नाही, त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईला आले, नगरला 1831 मध्ये ठाणे सुरू झाले, आणि 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास या मिशनची बोस्टनमधली पालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. एतद्देशीय मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः चालवावा आणि प्रसारही स्वतः करावा, हे त्यांचे धोरण होते. तेव्हापासून "पाळकाला पोसायचे कोणी?" हा प्रश्न नगरच्या मंडळ्यांसमोर आहे. खेड्यांतले बहुतेक सभासद महार आणि मांग समाजातून आलेले, बलुत्याच्या आधारावर जगणारे. बलुत्यात धान्य मिळे, रोकड नसे. मंडळीने स्वावलंबी व्हावे, हे बोस्टनमध्ये बसून ठरवणे सोपे होते. नेवाशाच्या किंवा राहुरीच्या परिसरात दुष्काळाच्या वर्षी ते पाळणे फार अवघड होते.

पाळकाच्या संसाराची किंमत कोण मोजते, याचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये, आणि टिळकांना 1904 साली दीक्षा मिळाली. टिळकांची गीते आजही प्रत्येक मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत गायली जातात. त्यांचा हात मात्र इतका सैल होता की पैसा घरात टिकत नसे, आणि कोणीही दारी आला तरी तो घरचाच होऊन राही. लक्ष्मीबाईंनी 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हे सगळे हसत हसत सांगितले आहे. वाचकही हसतो. आपण त्या हसण्यावर इतके भाळलो आहोत की पाठीमागची ओढाताण डोळ्यांआड करतो, असे माझे मत आहे. आणि 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तेव्हा घर चालवणाऱ्या व्यक्तीवर त्या निर्णयाचा भार किती पडला असेल, याचा विचार भक्तिगीते गाताना सहसा होत नाही.

सेवारत

मी सेवेत असलेला पाळक आहे, त्यामुळे नाव-गाव सांगत नाही.

लोकांना वाटते की उपदेश तयार करणे हे आमचे मुख्य काम असेल. पुण्यात सेमिनरीत (पाळक तयार करणाऱ्या महाविद्यालयात) आम्हाला ग्रीक, हिब्रू आणि मंडळीचा इतिहास शिकवला गेला, आणि पहिल्याच नेमणुकीत मला समजले की सर्वांत जास्त वेळ कागदपत्रे आणि माणसांची समजूत काढणे यांत जातो. लग्नाचेच घ्या. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा आहे. लग्नाची घोषणा आम्ही सलग तीन रविवार उपासनेत वाचतो, वधूवरांच्या वयाचे आणि अविवाहित असल्याचे पुरावे तपासतो, नोंदवहीत सह्या घेतो आणि नोंदींच्या प्रती सरकारकडे पाठवतो. एखाद्या सभासदाचा भाचा पुढच्याच गुरुवारी लग्न लावून द्या म्हणतो, आणि नकार दिला की ते घराणे वर्षभर अर्पण बंद करते. आमच्यापैकी ज्यांचा पगार मंडळीच्या वर्गणीतून डायोसिसकडे जाऊन परत येतो, त्यांना अशा नकाराची किंमत घरखर्चात दिसते.

जातीच्या दाखल्याचा विषय त्याहून नाजूक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शीख धर्मीयांचा समावेश 1956 साली झाला, बौद्धांचा 1990 साली, ख्रिस्ती लोकांचा झालेला नाही. त्यामुळे काही कुटुंबे उपासनेला येतात पण मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद लांबणीवर टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरी जाऊन जेवतो, त्यांच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पाळकाच्या मुलांना मात्र अशी सोय नसते. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर ठळक अक्षरांत "ख्रिस्ती" असते, आणि असावेच.

आता कुटुंबाबद्दल. रात्री अकराला दार वाजते. नवऱ्याने मारलेली एखादी बाई मुलाला कडेवर घेऊन उभी असते. दार माझी पत्नी उघडते, पाणी तीच देते, मुलाला आमच्या मुलांच्या शेजारी निजवते तीच. त्यानंतर त्या बाईने मला जे सांगितले ते मी पत्नीलाही सांगू शकत नाही, कारण ते गोपनीय आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात त्या बाईचा नवरा माझ्या पत्नीलाच जाब विचारतो. आमच्या घरात असे घडले आहे. तिने त्याला काय उत्तर दिले, ते मला आजतागायत माहीत नाही.

मंडळीकडून मला काय हवे, असे विचाराल तर आठवड्यातला एक दिवस हवा. रविवार आमच्यासाठी कामाचा दिवस असल्यामुळे मी सोमवार मागितला होता. कमिटीने मान्य केला, पण ठरावात तो लिहिला नाही, आणि जे ठरावात नाही ते दोन महिन्यांत विरून जाते. तेव्हा खजिनदारसाहेब, काही द्यायचे असेल तर ते इतिवृत्तात लिहून द्या.

वसईकर

आम्ही कॅथलिक. आमच्या फादरांना बायकामुले नसतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या रूपात येतो. पॅरिश मोठी असते, एकाहून अधिक धर्मगुरू एकत्र राहतात, स्वयंपाकाला माणूस असतो, आणि वृद्ध धर्मगुरूंची व्यवस्था धर्मप्रांत पाहतो. एकटेपण मात्र असतेच. आमचे एक फादर म्हणत की सणाच्या दिवशी पन्नास घरांची आमंत्रणे असतात आणि एरवीच्या मंगळवारी एकही नसते. आपल्या पाळकांना मंगळवारी जेवायला घर आहे, हे कमी लेखू नका. सेवारत यांच्या घरी रात्री अकराला आलेल्या बाईसाठी दार उघडायला एक स्त्री होती, हेही मला फार मोलाचे वाटते. आमच्या धर्मगुरूंच्या निवासात अशी बाई त्या वेळी यायलाच कचरेल.

रोखठोक सभासद

सर्वांचे लिखाण वाचून वाटते की पाळक म्हणजे एखादा पिळवणूक झालेला कर्मचारी आहे. सेवेला पाचारण असते. शिक्षकाच्या बदल्या होतात, पोलिसाच्या होतात, एसटीच्या चालकाच्या मुलांनाही शाळा बदलावी लागते. आमच्या मंडळीतली अर्धी कुटुंबे रोजंदारीवर आहेत, त्यांच्या बायका शेतात खुरपणी करून रविवारी अर्पण टाकतात. त्यांच्या पैशांतून पाळकीणबाईंना वेगळे मानधन द्यायचे का? शिवाय तरुण पोरे शेजारच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळीकडे चालली आहेत, कारण तिथे पास्टर आणि त्यांची मिसेस दोघेही रात्रंदिवस राबतात, कॉलेजच्या पोरांना घरी जेवू घालतात, गिटार शिकवतात.

पाळककन्या

खुरपणी करणाऱ्या बायकांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या आईनेही तो मान्य केला असता. मात्र एसटीच्या चालकाच्या बायकोला कोणी वाहकाचे काम फुकट करायला सांगत नाही. मानधन परवडत नसेल तर देऊ नका, पण मग त्यांची शाळेतली नोकरी ही मंडळीच्या कामातली अडचण समजू नका. आता स्त्रियांनाही दीक्षा मिळते. पाळकबाईंच्या यजमानांना महिला मंडळाच्या धर्तीवर कोणते मंडळ चालवायला सांगितल्याचे मी अजून ऐकलेले नाही. ते आपापल्या नोकरीवर जातात, आणि त्यात कोणालाही अश्रद्धा दिसत नाही.

नव्या मंडळ्यांतल्या "मिसेस"विषयी बोलायचे तर, माझी एक मैत्रीण तशीच आहे. ती खरोखर रात्रंदिवस राबते. तिची झोप उडाली आहे, हे हॉलमधल्या पोरांना माहीत नसते.

निवृत्त पाळकीणबाई

रोखठोक सभासदांवर रागावू नका. असे बोलणारेच बहुतेक वेळा पाळकगृहाचे छप्पर गळू लागले की शिडी घेऊन पहिले येतात. आमच्याकडे तरी असेच होते. माझे म्हणणे इतकेच की अपेक्षा असतील त्या पहिल्या भेटीत, बाईंच्या समोर, उघड सांगा आणि "नाही" म्हणायची जागा ठेवा. महिला मंडळाचे अध्यक्षपद रिकामे ठेवण्याऐवजी निवडणूक घ्या. गावात वर्षानुवर्षे काम केलेल्या बायका असताना काल आलेल्या परक्या बाईला खुर्चीवर बसवले, तर त्या बायकांचाही अपमान होतो आणि तिचीही पंचाईत होते.

नगरी खजिनदार

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी पुढील गोष्टी घालत आहे. सोमवार पाळकसाहेबांच्या सुट्टीचा, आणि त्या दिवशी दाखले मिळणार नाहीत, अशी पाटी लागेल. नोंदवह्यांचे कपाट पाळकगृहातून उपासनामंदिराच्या मागच्या खोलीत हलवायचे. ती खोली सध्या नाताळच्या सजावटीच्या खोक्यांनी भरलेली आहे, तेव्हा यालाच सर्वांत जास्त विरोध होईल असा माझा अंदाज आहे. मुलीच्या प्रवेशासाठी दोन सभासद, दोघेही शिक्षक, येत्या आठवड्यात गावातल्या दोन्ही शाळांत चौकशी करतील. महिला मंडळाची निवडणूक जुलैत होईल. शब्बाथशाळेसाठी तरुण संघातल्या दोघांनी नावे दिली आहेत. त्यांपैकी एकाला पेटी येते, सूर अधूनमधून सुटतो, चालवून घेऊ.

निवृत्तीनंतरच्या घराचा प्रश्न आमच्या एका मंडळीच्या आवाक्यातला नाही. डायोसिसच्या कौन्सिलला आमचे दोन प्रतिनिधी जातात, त्यांच्यामार्फत तो लेखी मांडता येईल. यासाठी एखाद्या डायोसिसमध्ये पाळकांच्या पगारातून आणि मंडळ्यांच्या वाट्यातून गृहनिधी जमवण्याची पद्धत असेल, तर तिचे नियम कोणी इथे लिहावेत. मसुदा मला ऑगस्टच्या आत तयार करायचा आहे.

सेवारत

नियमांची प्रत माझ्याकडे नाही, पण आमच्याकडच्या एका सेवानिवृत्त पाळकांना विचारून कळवतो. मसुद्यात एक वाक्य जरूर घाला : पाळकाचा सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला पाळकगृहात किमान किती काळ राहता येईल. 2020 आणि 2021 या वर्षांत दफनविधी करता करता काही सेवकांचे प्राण गेले, आणि त्यांच्या घरी हा प्रश्न चाळीस दिवसांच्या आतच उभा राहिला होता.

नगरी खजिनदार

घालतो. आमच्या बाजूने एक शैक्षणिक वर्ष सुचवावे असे वाटते, म्हणजे मुलांची परीक्षा मधेच येणार नाही. कमिटीत बोलून इथे लिहीन.